आठ नोव्हेंबरचा ठिपका

लोणंदच्या कांदा बाजारात मापाडी म्हणून उमेदीची वर्षं घालवलेले एक आबा गावाबाहेरच्या वस्तीवर राहत. गोणी काट्यावर चढली की आकडा मोठ्यानं पुकारायचा आणि तोच वहीत उतरवायचा, हे त्यांचं काम. शेतकरी म्हणायचा, "आबा, किलोभर वर लिवा की, वाटंत सुकलाय माल." व्यापारी म्हणायचा, "ओला दिसतोय, किलोभर कमी धरा." आबा दोघांचंही ऐकून घेत आणि काटा दाखवेल ते लिहीत. त्यावरून त्यांच्याशी अबोला धरणारे पुष्कळ होते. पण तंटा उभा राहिला की दोन्ही बाजूंना त्यांचीच वही लागायची.

आबांच्या घरात दोन नातवंडं शिकत होती. धाकट्या मुलाची मुलगी नववीत, तिला सगळे तायडी म्हणत. थोरल्याचा मुलगा दहावीत, तो दादा. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी दोघांना एकच काम दिलं. ययाती तारकासमूहात मायावती नावाचा तारा आहे, इंग्रजी पुस्तकांत त्याला अल्गोल म्हणतात. त्याचं तेज रोज मोजायचं, आलेख कागदावर ठिपके द्यायचे आणि हा तारा काय करतो ते आलेखावरून सांगायचं. दुर्बीण लागत नाही, डोळे पुरतात.

तेज मोजायचं म्हणजे शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहायचं. ताऱ्याच्या तेजाचा आकडा म्हणजे त्याची प्रत. देवयानी तारकासमूहाच्या टोकाचा तारा २.१ प्रतीचा. ययातीतलाच एप्सिलॉन २.९ चा. जवळच्या त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाचा ३.४ चा. मायावती यांपैकी कुणाइतका दिसतो, की दोघांच्या अधेमधे, ते ठरवून आकडा लिहायचा. सवयीनं डोळा इतका बसतो की एक दशांश प्रतीचा फरकही कळू लागतो. जगभरचे हौशी निरीक्षक हे काम शंभराहून अधिक वर्षं करत आले आहेत आणि त्यांच्या नोंदी मोठमोठे शास्त्रज्ञ वापरतात.

तायडीनं पहिले दोन दिवस जुन्या सवयीनं आलेख काढला. उभ्या अक्षावर खाली २, वर ४. २१ ऑक्टोबरच्या रात्री तारा मंदावला, तेव्हा तिच्या कागदावर डोंगर उभा राहिला. आबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "ह्या रातीला लई जोरात हुता म्हणायचा तारा."

"नाही आबा, त्या रात्री तर विझल्यासारखा झाला होता."

"मग ह्यो डोंगर कसला?"

तायडीनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी सगळ्यांत ठळक ताऱ्यांना पहिला वर्ग दिला, तेव्हापासून ही रीत आहे. म्हणून ताऱ्यांच्या आलेखात लहान आकडा वर ठेवतात. घरी येऊन तिनं हे आबांना सांगितलं, तर त्यांना ते आधीपासूनच ठाऊक असल्यासारखं पटलं. बाजारात एक नंबरचा कांदा वेगळा, दोन नंबरचा वेगळा, आणि गोल्टी सगळ्यांच्या खाली. आकडा चढला की माल उतरला. तायडीनं कागद बदलला, २ वर घेतला, आणि डोंगराची दरी झाली. आलेख हातात आला की आधी दोन्ही अक्ष वाचावेत, हे शाळेत एका वाक्यात सांगून पुढं जातात. माझ्या मते त्या एका वाक्यावर एक अख्खा तास घालवायला हवा. वर्तमानपत्रातले भावाचे, पावसाचे, निवडणुकीचे आलेख पाहताना आपण रेघेकडं बघतो, रेघ कशावर उभी आहे तिकडं बघत नाही.

२१ तारखेला तायडीनं रात्री नऊला पाहिलं तेव्हा मायावती एप्सिलॉनइतका उतरला होता. ती उठली नाही. सव्वादहाला तो त्रिकोणाच्या टोकाइतका झाला, साडेअकराला परत थोडा सावरला. २४ तारखेला रात्री आठला तो पुन्हा मंद होता आणि नऊपर्यंत चढत गेला. दादानंही या दोन्ही रात्री नऊला गच्चीवरून पाहिलं होतं. दादाचं डोकं गणितात चालायचं. त्यानं हिशेब केला: एकवीस, चोवीस. दर तीन दिवसांनी तारा मंदावतो.

मग तीन रात्री आभाळ भरून राहिलं. दिवाळी आली, किल्ला झाला, मित्र जमले. दादानं एका दुपारी बसून उरलेला सगळा आलेख पुरा केला. २७, ३०, २, ५, ८, ११, १४, प्रत्येक तिसऱ्या दिवशी रात्री नऊला एक ठिपका खाली, मधल्या रात्री सगळे ठिपके २.१ वर, आणि वरून स्केचपेननं वळणदार रेघ. आलेख असा देखणा झाला की घरात ज्यानं त्यानं तो हातात घेऊन पाहिला. कुठं खंड नाही, कुठं खाडाखोड नाही.

तायडीचा कागद त्याच्यापुढं अगदीच उघडा पडला. २७ ते २९ ऑक्टोबरच्या जागा कोऱ्या होत्या. खाली पेन्सिलीनं 'ढग' लिहिलेलं. ठिपके वाटेल त्या वेळेचे. त्याला कारण होतं. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. तिचे वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्टला जात, त्यामुळं रात्रीची लाईट असली की कांद्याला पाणी द्यायला आबाच निघत आणि हातात बॅटरी धरून तायडी बरोबर जाई. आबा स्टार्टर दाबून दारं धरायला वाफ्यांकडं वळले की ती विहिरीच्या कट्ट्याशी उभी राहून आकाश बघे. म्हणून तिच्या वहीत रात्री अकरा, दीड, तीन, पहाटे साडेचार अशा वेळा होत्या.

त्यातच ८ नोव्हेंबरचा ठिपका आला. पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. वहीत नोंद होती: 'मायावती त्रिकोणाच्या टोकाइतका. एप्सिलॉन स्वच्छ दिसतो. ढग नाही.' म्हणजे ३.४. आदल्या रात्री नऊला तारा २.१ होता, त्याच दिवशी रात्री नऊला पुन्हा २.१. वरच्या ठिपक्यांच्या रांगेखाली तो एकटाच खोल पडलेला.

"झोपेत बघितलंस," दादा म्हणाला. "नाहीतर धुकं असेल."

बाईंनाही आधी तसंच वाटलं. नोव्हेंबरच्या पहाटे, पाणी सोडलेल्या रानात धुकं असायचंच. शेजारचा एप्सिलॉन स्वच्छ होता ही ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि, "राहू दे, बघू," एवढंच म्हणाल्या.

घरी दादानं दुसरी वाट काढली. त्याच्या आलेखातही आठ तारखेला दरी होती, फक्त रात्री नऊला. "तारीख तर जुळतेय आपली," तो म्हणाला. "तुझा तीनचा ठिपका नऊवर ने. नऊचा २.१ खोड. दोघांचे आलेख एकसारखे होतील, बाईंना वाटेल किती अचूक काम केलंय."

हे ऐकायला फार सोपं होतं. एक ठिपका अठरा तास सरकवायचा, कागदावर चार बोटांच्या आतला प्रवास. मोठा भाऊ म्हणतोय, त्याचा आलेख साऱ्यांना आवडलाय, आणि आपला ठिपका आपल्यालाच खुपतोय. तायडीनं खोडरबर हातात घेतला. तसाच घेऊन ती ओसरीवर आबांकडं गेली आणि काय ते सांगितलं.

आबांनी विचारलं, "तू बगितलंस का त्यो?"

"हो. दोनदा. मोटार चालू व्हायच्या आधी आणि तुम्ही दारं धरायला गेल्यावर."

"आन् रातीला नऊला?"

"तेव्हाही बघितला. तेव्हा चांगला होता."

"मग दोन्ही ऱ्हाऊ देत की," आबा म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले. ताऱ्याला काय झालं असेल याबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. तो त्यांचा विषय नव्हता.

१० नोव्हेंबरला रात्री नऊला तायडीला तारा किंचित उतरलेला वाटला, २.४. १३ तारखेला संध्याकाळीच तो उतरू लागला. त्या रात्री तिनं सातपासून दर अर्ध्या तासाला पाहिलं. पावणेनऊ-नऊच्या सुमारास सर्वांत मंद, मग परत चढती. दादाच्या आलेखात त्या रात्री २.१ होता, त्याची दरी दुसऱ्या दिवशीची. १४ ला दोघंही गच्चीवर गेले. मायावती देवयानीच्या ताऱ्याच्या तोडीस तोड चमकत होता. दादा काही बोलला नाही. त्यानं बराच वेळ वर पाहिलं.

सुट्टी संपल्यावर बाईंनी दोघांचे आलेख बटर पेपरवर पुन्हा काढायला लावले. तासाला दोन मिलिमीटर, २० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, सव्वा मीटर लांबीची पट्टी. मग त्यांनी तायडीच्या वहीतल्या दोन नोंदी घेतल्या: २१ ऑक्टोबर रात्री सव्वादहा आणि १३ नोव्हेंबर रात्री आठ पन्नास. दोन्ही वेळा तारा सर्वांत मंद होता. मधलं अंतर ५५० तास ३५ मिनिटं. एवढ्यात किती फेऱ्या झाल्या? सातनं भागलं तर २४ ऑक्टोबरची नोंद जुळेना. नऊनं भागलं तरी जुळेना. आठनं भागलं आणि ती बसली. उत्तर आलं ६८ तास ४९ मिनिटं, म्हणजे २ दिवस २० तास ४९ मिनिटं.

पुस्तकातही तेवढाच काळ दिला आहे. पण बाईंनी पुस्तक उघडलं नाही. त्यांनी कात्री आणली. "आता या पट्टीचे बरोबर एवढ्या-एवढ्या वेळेचे तुकडे करायचे," त्या म्हणाल्या. प्रत्येक तुकडा १३८ मिलिमीटरला थोडा कमी. दरी मध्यभागी येईल अशा बेतानं खुणा केल्या, तुकडे कापले, आणि तायडीचे सगळे तुकडे एकावर एक ठेवून वर्गाच्या खिडकीच्या काचेवर धरले. बाहेर दुपारचं ऊन होतं.

नऊ-दहा तुकड्यांतले ठिपके काचेवर एकत्र आले. दोन्ही बाजूंना २.१ ची सपाट रांग, मध्ये दहा तास रुंदीची दरी. पाच तास उतार, पाच तास चढ. अकराचा, दीडचा, साडेचारचा, जो तो ठिपका आपापल्या जागी. ढगांच्या रात्री कोऱ्या राहिल्या होत्या, पण दरीचा जो भाग त्या रात्रींनी झाकला असता तो दुसऱ्या रात्रींच्या ठिपक्यांनी भरून काढला होता. आणि ८ नोव्हेंबरचा पहाटेचा ठिपका दरीच्या अगदी तळाशी, १३ तारखेच्या ठिपक्यावर जवळजवळ चढून बसलेला.

"बाई, हा माझा!" तायडी ओरडली. वर्गातल्या पोरांना काही कळलं नाही, पण बाईंना कळलं, आणि त्यांनी तिला तो ठिपका बोट ठेवून सगळ्यांना दाखवायला लावला.

खगोलशास्त्रात असे तुकडे एकावर एक रचणं रोजचं काम आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदच्या आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या आहेत. तिथं पल्सार ताऱ्यांचे, म्हणजे ठरावीक अंतरानं ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, संकेत येतात ते बहुतेक वेळा इतके दुबळे असतात की एकेक ठोका गोंगाटात बुडून जातो. मग त्या ताऱ्याच्या आवर्तनाइतके तुकडे करून हजारो ठोके एकावर एक रचतात आणि ठोक्याचा खरा आकार वर येतो. पल्सारांचा शोधच मुळी एका नको असलेल्या खुणेतून लागला. १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल नावाची विद्यार्थिनी रोज सुमारे ३० मीटर आलेखाचा कागद डोळ्यांनी तपासत होती. त्यात मधूनच अर्ध्या सेंटिमीटरची, कशातच न बसणारी एक गिचमीड दिसायची. ती तिनं गोंगाट म्हणून सोडून दिली नाही, कागद वेगानं फिरवून पुन्हा नोंदवली, तेव्हा सुमारे १.३४ सेकंदांच्या अंतरानं पडणारे ठोके सापडले. यंत्राचा बिघाड म्हणून तो भाग बाजूला टाकला असता तर कुणीही तिला दोष दिला नसता.

आणि मायावतीचं हे वेळापत्रक पहिल्यांदा नेमकं मांडणारा जॉन गुडरिक अठरा वर्षांचा होता. इंग्लंडातल्या यॉर्क शहरात राहायचा, लहानपणापासून बहिरा. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री त्याला हा तारा मंद दिसला. इतक्या झपाट्यानं एखादा तारा बदलतो यावर त्याचाच आधी विश्वास बसेना. पण त्यानं रोजनिशीत जे दिसलं ते लिहिलं आणि पुढं महिनोन्‌महिने पाहत राहिला. या ताऱ्याभोवती दुसरी काळोखी वस्तू फिरत असावी, ती मध्ये आली की प्रकाश अडत असावा, असं त्यानं १७८३ मध्ये सुचवलं. शंभर वर्षांनी, १८८९ साली, वर्णपटाच्या अभ्यासातून ते खरं ठरलं. तिथं एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत. मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढं आला की आपल्याला ती दरी दिसते. हा सगळा पसारा आपल्यापासून सुमारे ९० प्रकाशवर्षं दूर. लोणंदच्या विहिरीच्या कट्ट्यावरून तायडीनं ते ग्रहण पाहिलं, आणि ते ग्रहण होतं हे तिला तुकडे कापेपर्यंत माहीत नव्हतं.

आता दादाचे तुकडे काचेवर लावायचे होते. बाईंनी त्याला विचारलं, "लावूया?" तो हो म्हणाला.

२१ आणि २४ ऑक्टोबरचे ठिपके दरीत बसले. पुढचा खाली उतरलेला ठिपका दरीच्या उजव्या काठाशी. त्याच्या पुढचा आणखी उजवीकडं, मग आणखी, मग आणखी. सात ठिपके पायऱ्यांसारखे ओळीनं सरकत गेलेले, सगळे सारख्या अंतरावर. वर्गातलं कुणीतरी म्हणालं, "ह्याचा तारा वेगळा हाय काय?"

दादानं पट्टी घेतली आणि काचेवरच मोजायला लागला. प्रत्येक पायरी सहा मिलिमीटरहून जराशी जास्त. तासाला दोन मिलिमीटर, म्हणजे तीन तासांहून थोडं अधिक. त्याचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. कोपऱ्यात त्यानं ७२ तासांतून ६८ तास ४९ मिनिटं वजा केली. ३ तास ११ मिनिटं. आपण तीन दिवस धरले होते, आकाशानं तेवढे धरले नव्हते, आणि दर फेरीला तेवढीच चूक साठत गेली होती. त्याच्या हिशेबात कुठंही गडबड नव्हती. फक्त २४ तारखेनंतरची एकही दरी त्यानं वर पाहून लिहिली नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "हे सात मी बघितलेले नाहीत. वरचेही बरेचसे नाहीत."

बाई रागावल्या नाहीत. रागावायला हवं होतं असं म्हणणारे शिक्षक मला माहीत आहेत. मला बाईंचं वागणं बरोबर वाटतं, कारण दादाची कानउघाडणी खिडकीनं आधीच केली होती, तीही त्याच्या स्वतःच्या पट्टीनं. त्यांनी त्याला लाल पेन दिलं. जे ठिपके पाहून दिले नव्हते त्या सगळ्यांना त्यानं फुल्या मारल्या आणि कडेला लिहिलं, 'अंदाज, निरीक्षण नाही.' उरले ते सात ठिपके. प्रदर्शनात तायडीच्या आलेखाशेजारी त्याचाही आलेख लागला, फुल्यांसकट. बघायला आलेली मंडळी तायडीच्या दरीपाशी थांबत आणि त्या सात पायऱ्यांपाशी त्याहून जास्त वेळ थांबत, कारण नुसता अंदाज कसा आणि किती वेगानं घसरत जातो हे इतकं उघड दुसरीकडं कुठं बघायला मिळत नाही.

घरी दोघांनी मिळून पुढच्या तारखा काढल्या. १६ नोव्हेंबरची मंद वेळ उजेडी, संध्याकाळी पाच चाळीसची. त्यानंतरच्या दिवसाउजेडीच. २८ नोव्हेंबरला पहाटे पाचच्या आत, पण तोवर तारा वायव्येला अगदी खाली गेलेला असणार. १ डिसेंबरला रात्री पावणेदोनला उत्तम, आणि ३ डिसेंबरला रात्री साडेदहाला.

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. पाण्याला जायचं काम नव्हतं. तरी १ डिसेंबरला दीडच्या गजरानं दादा उठला, तायडीला उठवलं, दोघं घोंगडी घेऊन गच्चीवर गेले. आभाळ गच्च होतं. अडीचपर्यंत वाट पाहिली. मग दादानं बॅटरीच्या उजेडात वहीत लिहिलं, 'ढग. तारा दिसला नाही', आणि प्रतीची चौकट मोकळी सोडली.

३ तारखेला आकाश धुतल्यासारखं निवळ होतं. साडेदहाच्या आधीपासून दोघं पाठीला पाठ लावून बसले, एकमेकांची वही दिसू नये म्हणून. सर्वांत मंद वेळेला तायडीनं ३.४ लिहिलं. दादानं ३.३. खाली आल्यावर दोघांनी वह्या उघडून आबांपुढं ठेवल्या. आबांनी चष्म्यातून दोन्ही आकडे वाचले, दोन्ही वह्या मिटल्या आणि ज्याची त्याला परत दिली.